जाणत्या शेतकऱ्याकडून शिकताना

प्रत्येक गावात एखादा तरी जाणता शेतकरी असतो. त्याच्या उसाला उतारा चांगला पडतो, त्याचा खोडवा लागणीच्या तोडीस तोड येतो आणि नवीन वाणाचे बेणे गावात प्रथम त्याच्याच शेतात दिसते. नव्याने शेतीत पडलेल्या तरुणाला अशा शेतकऱ्याचा आधार मिळाला तर दहा वर्षांचा अनुभव दोन-तीन हंगामांत पदरात पडतो. मात्र चांगला मार्गदर्शक लाभूनही नुकसान झाल्याची उदाहरणे आढळतात. अशा वेळी दोष बहुधा मार्गदर्शकाचा नसतो. शिकणाऱ्याने काय विचारले आणि काय सांगावयाचे राहून गेले, यात त्याचे मूळ असते.

एक उदाहरण

आमच्या माहितीतील एका तरुण शेतकऱ्याने जानेवारीत दोन एकर सुरू उसाची लागण केली. शेजारच्या गावातील एका ज्येष्ठ बागायतदारांना तो गुरुस्थानी मानत असे. त्याने त्यांना विचारले, "आबा, उसाला युरिया किती टाकता?" आबांनी सरळ उत्तर दिले, "एकरी साडेसात पोती बसतो." तरुणाने तेवढाच युरिया दिला. शेवटचा हप्ता उशिरा, ऐन पावसाळ्यात पडला. ऊस हिरवागार झाला, पण पुढे पावसात लोळला. पाणकोंब माजले, उंदरांनी नुकसान केले, तोडणीला मजूर जादा पैसे मागू लागले आणि वजनही अपेक्षेप्रमाणे भरले नाही. सोसायटीचे कर्ज पुरते फिटले नाही. "आबांनी खरे सांगितले नाही" असे मनात धरून त्याने वर्षभर त्यांच्याकडे जाणेच सोडले.

वास्तविक आबांनी खरे तेच सांगितले होते, पण ते त्यांच्या आडसाली उसाचे होते. आडसाली ऊस शेतात १६ ते १८ महिने राहतो, तर सुरू ऊस सुमारे १२ महिने. त्यामुळे दोघांची गरजही वेगळी असते. आडसाली उसासाठी सर्वसाधारण शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद व १७० किलो पालाश अशी आहे, तर सुरू उसासाठी ती २५० : ११५ : ११५ किलो अशी आहे. जात व माती परीक्षण यांनुसार यात फरक होतो. एकराचा हिशेब केला तर आडसालीला १६० किलो आणि सुरूला १०० किलो नत्र येते. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे सर्व नत्र युरियातून द्यावयाचे म्हटले तरी सुरू उसाला एकरी सुमारे २१७ किलो युरिया लागतो. ४५ किलोची पाच पोतीसुद्धा पुरी लागत नाहीत. तरुणाने दिली साडेसात.

"माझी लागण जानेवारीची आहे" एवढे एक वाक्य त्याने बोलून दाखविले असते, तर हा प्रसंग टळला असता. आबांनीही "लागण कधीची?" असे विचारावयास हवे होते, हे खरे. पण गरज शिकणाऱ्याची असते. म्हणून माहिती पुढे ठेवण्याची जबाबदारीही प्रथम त्याचीच होय.

विचारण्यापूर्वी वहीत काय लिहून न्यावे

१. लागणीची तारीख, हंगाम, उसाची जात आणि पीक लागणीचे आहे की खोडवा.

२. क्षेत्र एकरात की गुंठ्यात, आणि सरीतील अंतर.

३. जमीन हलकी, मध्यम की भारी. निचरा कसा आहे. पूर्वी कोणते पीक होते.

४. माती परीक्षणाचा अहवाल. नमुना शेतातून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणांहून घ्यावा. बांधाजवळील, खताच्या ढिगाखालील वा नुकतेच खत टाकलेल्या जागेवरील माती घेऊ नये. अहवालातील सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब हे तीन आकडे तरी पाठ असावेत.

५. पाणी विहिरीचे, कालव्याचे की ठिबकचे, आणि किती दिवसांनी मिळते.

६. आतापर्यंत दिलेली खते व औषधे, तारखेसह.

जमिनीच्या फरकाकडे विशेष लक्ष द्यावे. आबांच्या निचऱ्याच्या जमिनीत को ८६०३२ उत्तम येतो, म्हणून तो आपल्या क्षारपड रानातही तसाच येईल असे नाही. अशा जमिनीत फुले २६५ सारखी क्षार सहन करणारी जात अधिक तग धरते. मार्गदर्शक आपल्या जमिनीवरून बोलत असतो. ती आणि आपली जमीन यांतील फरक आपणच ओळखावयाचा असतो.

प्रश्न कसा विचारावा

"किती टाकू?" यापेक्षा "तुम्ही एवढे का टाकता, आणि केव्हा टाकता?" हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. "का" कळले की आपल्या परिस्थितीत बदल करता येतो. नत्राचेच पाहा. सुरू उसात एकूण नत्रापैकी १० टक्के लागणीच्या वेळी, ४० टक्के ६ ते ८ आठवड्यांनी, १० टक्के १२ ते १६ आठवड्यांनी आणि उरलेले ४० टक्के मोठ्या बांधणीच्या वेळी द्यावे, अशी शिफारस आहे. यामागचे कारण समजले की हप्ता चुकला असता काय करावे हे विचारता येते. दुसरा हप्ता फुटव्यांसाठी असतो, आणि बांधणीचा हप्ता कांड्यांच्या जोमदार वाढीसाठी.

मापाची खात्री करून घ्यावी. पोत्यांच्या हिशेबात फसगत होते. युरियाचे पोते पूर्वी ५० किलोचे असे, ते २०१८ पासून ४५ किलोचे झाले. जुना शेतकरी कोणत्या पोत्याबद्दल बोलतो हे विचारून किलोतच लिहून घ्यावे. एकर की हेक्टर हेही विचारावे. येथे आमची स्वतःची चूक सांगणे योग्य होईल. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका शेतकऱ्याने दूरध्वनीवर खताची मात्रा विचारली असता आम्ही सवयीने हेक्टरी आकडे सांगितले. त्याने ते एकरी समजून अडीचपट खत आणले. सुदैवाने टाकण्यापूर्वी त्याने पुन्हा विचारले, म्हणून निभावले. तेव्हापासून ऐकणाऱ्याकडून आकडा परत वदवून घेतल्याशिवाय आम्ही बोलणे संपवीत नाही. शिकणाऱ्यानेही निघताना आपण काय समजलो ते मार्गदर्शकास म्हणून दाखवावे.

वेळेचे भान

मार्गदर्शक हाही शेतकरीच असतो. लागण, बांधणी व तोडणीच्या धांदलीत त्याच्या दारात जाऊन बसू नये. शक्यतो त्याच्या शेतात, तो काम करीत असताना जावे आणि हाताला हात लावावा. बेणे निवडताना तो कोणता ऊस बाजूला टाकतो, वाफसा कसा ओळखतो, पाणी कोठे मोडतो, या गोष्टी ओसरीवर बसून कळत नाहीत. एका भेटीत दोन-तीनच प्रश्न विचारावेत. किरकोळ शंकेसाठी रोज दूरध्वनी करण्यापेक्षा शंका वहीत लिहून ठेवाव्यात. त्यांतील निम्म्या आपोआप सुटतात.

आधी थोड्यावर करून पाहावे

सांगितलेला नवीन उपाय सगळ्या शेतावर एकदम करू नये. पाच-दहा गुंठ्यांवर करावा व शेजारी तेवढेच क्षेत्र नेहमीच्या पद्धतीने ठेवावे. दोन्हींची जमीन, जात, लागणीची तारीख व पाणी सारखे असावे. तोडणीच्या वेळी दोन्हीकडील प्रत्येकी एका गुंठ्यातील गाळपालायक उसांची संख्या मोजावी व वजन करावे. खर्चही वेगळा मांडावा. यात मार्गदर्शकावर अविश्वास दाखविल्यासारखे काही नाही. उलट त्यालाही नवी माहिती मिळते.

मार्गदर्शकाचे सांगणे आणि विद्यापीठाची शिफारस यांत फरक आढळला तर वाद घालू नये. "आबा, शिफारस अशी आहे, तुमचा अनुभव वेगळा का असावा?" असे विचारावे. पुष्कळदा उत्तर जमिनीत किंवा पाण्यात सापडते. कीड-रोगाची औषधे व त्यांचे प्रमाण याबाबत मात्र ऐकीव माहितीवर विसंबू नये. लेबलवरील सूचना वाचाव्यात आणि जवळच्या कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

परत जाऊन सांगावे

ही सर्वांत महत्त्वाची व सर्वांत दुर्लक्षित गोष्ट होय. सल्ला घेतल्यावर पुढे काय झाले हे मार्गदर्शकाला कळविणारे फार थोडे असतात. पीक चांगले आले तर विसर पडतो, बिघडले तर राग येतो. वरील तरुणाचे तेच झाले. आम्ही त्याचे शेत पाहण्यास गेलो तेव्हा त्याला तारखांची वही घेऊन आबांकडे चलण्याची विनंती केली. तो नाखुशीनेच आला. आबांनी वही चाळली, लागणीच्या तारखेवर बोट ठेवले आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, सुरू ऊस होता होय! मला वाटले, तू यायचा बंद झालास म्हणजे माझे काही चुकले." एका न विचारलेल्या प्रश्नाने उसाचे जेवढे नुकसान केले, तेवढेच त्या दोघांच्या संबंधाचेही केले होते. पुढील लागणीचा खताचा हिशेब त्या दोघांनी एकत्र बसून, किलोत मांडला.

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, जाणत्याकडे जाताना आपल्या शेताची पूर्ण माहिती घेऊन जावी, सल्ल्यामागचे कारण समजून घ्यावे, थोड्यावर पडताळा घ्यावा आणि बरा-वाईट जो परिणाम होईल तो परत जाऊन सांगावा. आणि उद्या एखादा तरुण आपल्या बांधावर येऊन "किती टाकू?" असे विचारू लागला, तर आपण प्रथम त्याला लागणीची तारीख विचारावी.