खोताची वाडी आणि चटईक्षेत्राचं गणित

‘जुन्या वास्तू जपा’ असं मुलांना सांगून आपण मोकळे होतो. पण किल्ला जपणं वेगळं आणि माणसं राहतात ती वाडी जपणं वेगळं. हा फरक समजवायचा तर गिरगावातली खोताची वाडी घ्या.

अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथली जागा ईस्ट इंडियन कुटुंबांना घरं बांधायला दिली. कौलारू छप्पर, लाकडी सज्जे, बाहेरून चढणारा जिना, आणि ओटा थेट गल्लीला लागलेला. आता यातलं एकच घर जपलं आणि शेजारी वीस मजले उभे राहिले तर? घर राहील, वाडी राहणार नाही. म्हणून १९९५ साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ६७ आला, त्यात सुट्या इमारतींबरोबर सबंध परिसरही वारसा म्हणून धरले गेले. पाडकाम असो की दर्शनी बाजूतला मोठा बदल, मनमानी चालत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे आपला एफएसआय, हा साधा गुणाकार. १९९१ च्या नियमावलीत मुंबई शहरात राहत्या घरांसाठी तो १.३३ होता. समजा भूखंड ३०० चौरस मीटर, तर बांधकाम ३९९ चौरस मीटर. जुनं बैठं घर १८० चौरस मीटरचं असेल, तर २१९ चौरस मीटर मालकाच्या हातून गेले. गिरगावच्या भावाने याचे किती होतील, हा हिशोब मुलं आवडीने करतात!

यावर तोड म्हणजे टीडीआर, हस्तांतरणीय विकास हक्क. न वापरलेलं बांधकाम मालकाने विकायचं, घेणाऱ्याने ते दुसऱ्या भूखंडावर वापरायचं. कागदावर छान आहे. पण घरात जुने भाडेकरू असतील तर १९४७ च्या भाडे कायद्यापासून दबून राहिलेल्या भाड्यात कौलंसुद्धा बदलून होत नाहीत. अशा मालकाला नुसती बंधनं घालणं मला अन्यायाचं वाटतं. तो घर पडायची वाट बघत बसला तर दोष कोणाला द्यायचा? वाडीतली बरीच घरं आज उरलेली नाहीत.

वर्गात हे घेताना मुलांना आपापल्या गल्लीत पाठवा. मजले, ओटे, रस्त्यापासून घराचं अंतर मोजून आणू द्या. मग विचारा : इथे नवं घर बांधणाऱ्याला कोणते तीन नियम लावाल, आणि ते पाळण्याच्या बदल्यात त्याला काय द्याल?