जाड पान म्हणजे चांगलं पान? फाउंटन पेनसाठी वही निवडताना

तंजावूरच्या राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात लिखाणाच्या दोन परंपरा एकाच छपराखाली नांदतात. एक ताडपत्राची. टोकदार लोखंडी लेखणीनं पानावर अक्षर कोरायचं आणि वरून काजळी चोळायची. कोरलेल्या रेघांत काळा रंग बसतो आणि अक्षर दिसू लागतं. दुसरी परंपरा कागदाची. भोसले राजांच्या कारभाराचे मोडी कागद आणि पोथ्या बोरू आणि शाईनं लिहिलेल्या. ताडपत्रावर शाई फुटायचा प्रश्नच नव्हता, कारण अक्षर कोरलेलं असायचं. कागदावर मात्र तो प्रश्न पहिल्यापासून होता. आज फाउंटन पेन हातात घेणाऱ्या प्रत्येकापुढे तोच प्रश्न आहे.

वाढदिवसाला मुलाला छान पेन मिळतं. मोठ्या हौसेनं शाई भरली जाते, शाळेची वही उघडली जाते, आणि पहिल्याच ओळीला अक्षरांना केसाळ मुळं फुटतात. पान उलटावं तर मागची बाजू निळी झालेली. ‘पेनच गळकं आहे’ असं म्हणून ते कपाटात जातं. खरं तर बहुतेक वेळा पेनाचा दोष नसतो. दोष कागदाचा असतो.

शाई का फुटते?

बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असते. ती कागदावर वरच्यावर चिकटते, त्यामुळे ती कुठल्याही कागदावर चालते. फाउंटन पेनची शाई पाण्यात मिसळलेला रंग असतो. कागद हे बारीक तंतूंचं जाळं. तंतूंच्या फटींतून पाणी आपोआप ओढलं जातं आणि पाण्याबरोबर रंगही. टीपकागद शाई पितो तो याच कारणानं.

लिहिण्याचा कागद टीपकागदासारखा वागू नये म्हणून कारखान्यात त्यावर पाणी रोखणारी प्रक्रिया करतात. लगद्यात विशिष्ट रसायनं मिसळतात, शिवाय कधी पृष्ठभागावर स्टार्चचा पातळ थर देतात. ही प्रक्रिया नीट झाली असेल तर शाई पृष्ठभागावर थांबते आणि सावकाश वाळते. कागद स्वस्त करण्यासाठी तिथे हात आखडला गेला असेल, तर शाई पसरते.

आपल्याकडचा घोटलेला कागद

ही युक्ती कारखान्यांच्या कितीतरी आधीची आहे. महाराष्ट्रात जुन्नरचा आणि दौलताबादचा हातकागद नावाजलेला होता. दौलताबादजवळच्या एका गावाचं नावच कागजीपुरा. असा कागद तयार झाला की त्याला खळ लावत, वाळवत आणि गुळगुळीत दगडानं घोटत. खळीनं फटी बुजत, घोटण्यानं तंतू दबत. मग बोरू अडखळत नसे आणि शाई जागच्या जागी राहत असे.

मोडी लिहिताना आधी ओळीची पूर्ण रेघ ओढून घेत आणि अक्षरं तिच्याखाली सलग, हात फारसा न उचलता लिहीत. शाई पिणाऱ्या कागदावर असं भरभर लिहिणं शक्यच नव्हतं. थोडक्यात, लिपीच्या वेगामागे कागदाची तयारी होती.

वजनाच्या आकड्याला भुलू नका

वहीच्या मागे ‘जीएसएम’ असा आकडा असतो. तो म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन, ग्रॅममध्ये. शाळेच्या वहीचा कागद साधारण ५५ ते ६० जीएसएमचा आणि झेरॉक्सचा ७० ते ८० चा असतो. आकडा मोठा तितका कागद चांगला, असा सर्वसाधारण समज आहे.

तो अर्धाच खरा आहे. जाड कागदात मागच्या बाजूला अक्षर कमी दिसतं, एवढं नक्की. पण शाई रोखण्याची प्रक्रिया नसेल तर १०० जीएसएमचा कागदही शाई पितो. उलट जपानचा प्रसिद्ध ‘तोमोए रिव्हर’ कागद अवघ्या ५२ जीएसएमचा, पतंगाच्या कागदासारखा पातळ. तरी त्यावर शाई फुटत नाही. त्याची अडचण वेगळीच. शाई वर थांबते म्हणून उशिरा वाळते, आणि पातळपणामुळे मागचं अक्षर सावलीसारखं दिसतं.

कागद कशाचा बनलाय, यानंही फरक पडतो. तंजावूरहून फार लांब नसलेल्या करूर जिल्ह्यात, पुगळूरला, तमिळनाडू सरकारची कागद गिरणी आहे. तिथे उसाच्या बगॅसपासून, म्हणजे रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यापासून कागद बनतो. बगॅसचे तंतू आखूड असतात, त्यामुळे पान सलग आणि गुळगुळीत होऊ शकतं. तरीही ‘बगॅस’ हा शब्द वाचून लगेच डझनभर वह्या घेऊ नका. शेवटी परीक्षा शाईचीच.

दोन मिनिटांची परीक्षा

दुकानदाराला विचारून नमुन्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून बघा. ते जमत नसेल तर आधी एकच वही विकत घ्या. आपलं नेहमीचं पेन आणि नेहमीची शाई वापरा.

१. जोडाक्षरं लिहा. ‘क्ष’, ‘श्र’, ‘द्ध’, ‘ष्ट’. देवनागरीत शिरोरेषा आणि काना जिथे मिळतात तिथे शाई दुप्पट साचते. ‘द्ध’मधली पोकळी बुजली, तर तो कागद नको. तंजावूरमधल्या मराठी घरांतली मुलं शाळेत तमिळही लिहितात. त्यांनी तमिळमधला वेटोळ्यांचा ‘ण’ लिहून बघावा. वेटोळी मोकळी राहिली पाहिजेत.

२. पेन टेकवून तीन अंक मोजा. ठिपका गोल राहिला तर उत्तम. कोळ्याच्या पायांसारखा फाटला तर वही परत ठेवा.

३. पान उलटा. अक्षराची फिकट सावली चालते. शाईचे ठिपके आरपार आले असतील, तर ती वही एका बाजूनंच वापरता येईल. म्हणजे दोनशे पानी वही प्रत्यक्षात शंभर पानीच पडते. किंमत ठरवताना हा हिशेब धरा.

४. दहा सेकंदांनी बोट फिरवा. शाई पुसली गेली तर कागद सावकाश वाळणारा आहे. डावखुऱ्या मुलांना तो त्रासदायक, कारण त्यांचा हात ओल्या अक्षरावरून सरकतो.

५. घरी एक थेंब पाण्याचा टाका. कोपऱ्यात. थेंब काही वेळ मण्यासारखा उभा राहिला तर कागद तयार केलेला आहे. लगेच शोषला गेला तर नाही.

मोबाइलच्या कॅमेऱ्यानं अक्षर मोठं करून पाहिलं, तर डोळ्यांना न दिसणारं फुटणंही पकडता येतं.

कोणत्या कामाला कोणती वही?

शाळेतल्या भरभर लिखाणाला लवकर वाळणारा, मध्यम कागद बरा. फार गुळगुळीत पानावर शाई ओली राहते आणि समोरच्या पानाला लागते. शुद्धलेखन आणि सुलेखनासाठी मात्र गुळगुळीत कागद घ्यावा, निबला वेग मिळतो. रोजनिशीसाठी दोन्ही बाजूंनी लिहिता येईल असा कागद हवा. हातकागदाची सुंदर वही भेट म्हणून आणताना तो लिहिण्यासाठी बनवलाय की चित्रांसाठी, एवढं विचारा. खरखरीत कागदाचे तंतू निबच्या फटीत अडकतात.

घरात आधीच वह्यांचा गठ्ठा असेल तर तो टाकू नका. बारीक निब वापरा आणि कमी वाहणारी शाई घ्या. तळहाताखाली टीपकागद ठेवा. घामाचा, तेलाचा डाग पडला की तिथे शाई धरत नाही. पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा पितो आणि चांगली वहीही थोडी फुटू लागते. तंजावूरला हे दिवस ऑक्टोबर ते डिसेंबर, महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर. वह्या बंद कपाटात ठेवा.

एक सावधगिरी पेनाबद्दल. बोरूची काजळाची शाई किंवा चित्रकलेची इंडियन इंक फाउंटन पेनात भरू नका. त्यातले कण आणि गोंद वाळून पेनाची नळी तुंबते.

जपून ठेवायचं असेल तर

सरफोजी दुसरे यांच्या काळात (१७९८ ते १८३२) तंजावूरच्या धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या गेल्या, सोबत त्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढली गेली. त्या नोंदी सरस्वती महालात आजही आहेत. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतीही लिहून ठेवल्या गेल्या म्हणून ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ आपल्यापर्यंत पोहोचलं. लिहिणाऱ्यांसाठी ती रोजची कामाची टिपणं होती.

आपल्या घरातही अशी टिपणं असतात. आजीच्या हातची आमटी, बाळाच्या लसींच्या तारखा, कुलाचाराची यादी. ती लिहायला निवडलेली वही वेगळी असावी. कागद आम्लरहित असेल तर तो लवकर पिवळा पडून तुटत नाही; वर्तमानपत्रासारख्या कागदाची वही इथे नकोच. शाई पाण्यानं न पुसणारी, ‘परमनंट’ लिहिलेली घ्या. नेहमीची धुता येणारी निळी शाई शाळेच्या गणवेशासाठी सोयीची, पण ती उजेडात फिकी पडते आणि फोडणीच्या ओल्या हातानं पुसली जाते.

तेव्हा या वेळी वही घेताना मुखपृष्ठाआधी शेवटचं पान उघडा, आणि खिशातल्या पेनानं एक ‘द्ध’ लिहून बघा.