काळजाची लय, मेंदूचा लगाम

आम्ही कवी मंडळी प्रेम, विरह, भीती सगळं काळजाच्या नावावर मांडतो. त्याची लय कोण सांभाळतं, याचा विचार मात्र सहसा करत नाही.

हृदय स्वतःच धडधडतं. त्याच्या वरच्या उजव्या कप्प्यातल्या पेशींच्या एका पुंजक्यातून प्रत्येक ठोक्याची सुरुवात होते. मेंदूच्या हाती असतो तो लगाम. व्हेगस नावाचा मज्जातंतू ठोके संथ करतो, तर दुसरे मज्जातंतू संकटाच्या वेळी ते वाढवतात.

अपस्मारात, म्हणजे फिट येते तेव्हा, मेंदूतल्या असंख्य पेशी एकदम बेताल विद्युतसंदेश सोडू लागतात. हा गोंधळ लगाम धरणाऱ्या भागांपर्यंत पोचला, की हृदयही त्यात ओढलं जातं. बहुतेक वेळा नाडी धावू लागते, कधी तर हातपाय झडण्याआधीच. क्वचित उलट घडतं : ठोके मंदावतात, काही सेकंद थांबतातही. झटका ओसरला, की लय बहुधा पूर्वपदावर येते.

हृदयाची लय बिघडून मेंदूला रक्त कमी पडलं, तरी माणूस कोसळतो, अंग झडतं आणि घरच्यांना ती फिटच वाटते. म्हणून पहिल्या झटक्यानंतर डॉक्टर ईसीजी काढायला सांगतात.

अपस्मार असलेल्या दर हजार प्रौढांमागे वर्षाला साधारण एकाचा अचानक मृत्यू होतो. रुग्णालयात देखरेखीखाली असताना झालेल्या अशा मृत्यूंच्या नोंदींचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात मोठ्या झटक्यानंतर आधी श्वास कायमचा थांबला, मग हृदय, असं आढळलं. बहुतेक घटना रात्रीच्या होत्या.

तेव्हा घरच्यांनी काय करावं? रुग्णाला कुशीवर वळवावं आणि श्वासाकडे लक्ष ठेवावं. कांदा, चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये. झटका पाच मिनिटांहून लांबला, तर थेट रुग्णालय गाठावं.

खरा बचाव रोजच्या गोळीत आहे. हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची आडकाठी १९९९ साली दूर झाली. तरी लग्न जमवताना हा आजार आजही लपवला जातो. मग सासरी गोळी चोरून घ्यावी लागते, आणि चोरून घेतलेली गोळी कधीतरी चुकतेच. अशी चुकलेली एक गोळीही झटका ओढवू शकते. आजार लपवण्यापेक्षा तो घरात सगळ्यांना ठाऊक असलेला बरा. रात्री कुशीवर वळवणारा हात तरी जवळ असतो.