थांबलेल्या हृदयाचें कारण

धट्टाकट्टा माणूस बोलतां बोलतां कोसळतो. हृदयक्रिया बंद पडते. सुदैवानें कोणी तत्काळ छाती दाबूं लागतो, विजेचा झटका दिला जातो, आणि गेलेला जीव परत येतो. अशा वेळीं पुष्कळदां हृदयाच्या रक्तवाहिनींत अडथळा सांपडतो. परंतु कित्येकांच्या रक्तवाहिन्या मोकळ्या, स्नायू बळकट आणि नेहमींचा विद्युदालेखही निर्दोष आढळतो. मग हृदय थांबलें कां?

उत्तर बहुधा हृदयाच्या विद्युत्-व्यवहारांत असतें. हृदयाच्या पेशींच्या आवरणांत सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम यांच्या कणांसाठीं सूक्ष्म द्वारें असतात. एखादें द्वार जन्मतःच सदोष असलें, तर प्रसंगविशेषीं ताल बिघडतो, हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरतात आणि रक्त पुढें ढकललें जात नाहीं.

हा दोष एरवीं दडून राहतो. तो युक्तीनें उघड करावा लागतो. रोग्याला फिरत्या पट्ट्यावर चालवितात. श्रमानें ताल बिघडला, तर एक निदान. श्रमानंतर आलेखांतील ठराविक अंतर प्रमाणाबाहेर लांब राहिलें, तर दुसरें. प्रोकेनामाइड हें औषध शिरेंतून दिल्यावर आलेखाला विशिष्ट वळण आलें, तर पेद्रो व जोसेप ब्रुगाडा या बंधूंनीं १९९२ सालीं वर्णिलेला विकार ओळखतां येतो. स्नायूंतील बारीक व्रण चुंबकीय चित्रणांत दिसतात.

कॅनडांतील डॉक्टरांनीं अशा ६३ रोग्यांची क्रमवार तपासणी करून २००९ सालीं तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ३५ जणांच्या बाबतींत कारण सांपडलें. उरलेल्या २८ जणांचें गूढ कायम राहिलें. अशांची तपासणी कालांतरानें पुन्हां करावी लागते, कारण कांहीं विकार हळूहळूच प्रकट होतात.

झटका देणारें लहानसें यंत्र त्वचेखालीं बसविलें म्हणजे प्राण वांचतात; मग हा खटाटोप कशासाठीं? यंत्र बिघडलेला ताल सुधारतें, बिघाड टाळीत नाहीं. कारण कळलें म्हणजे एकाला बीटा-रोधक औषध देतां येतें, दुसऱ्याला ताप चढूं न देण्याचा इशारा देतां येतो. शिवाय दोष आनुवंशिक असला, तर तो घरांतील इतरांतही असूं शकतो. वरील तपासणींत ९ रोग्यांच्या जनुकांत दोष आढळला. त्यांच्या ६४ नातलगांपैकीं १५ जणांत तोच निघाला व त्यांच्यावर वेळींच उपचार झाले.

म्हणून कुळांत कोणी तरुणपणीं अकस्मात् दगावलें, पोहतां पोहतां बुडालें किंवा वारंवार मूर्च्छित पडत असे काय, हें घरच्यांनीं आठवून डॉक्टरांस सांगावें. पुष्कळदां तेथेंच धागा गवसतो.