घरात जुन्या रेकॉर्ड्सचा गठ्ठा सापडलाय? मग पहिलं टर्नटेबल घेण्याआधी एवढं वाचाच

दिवाळीची साफसफाई चालू असते आणि माळ्यावर एक पेटी सापडते. आत भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, 'गीत रामायण', 'शोले'च्या संवादांची एलपी आणि अगदी तळाशी चार-पाच जड, जुन्या काळ्या तबकड्या. फोटो स्टोरीला पडतो, बदाम येतात आणि मग प्रश्न उरतो, हे वाजवायचं कशावर?

ऑनलाइन शोधलं की सगळ्यात आधी दिसतो तो सूटकेससारखा दिसणारा प्लेअर. रंग भारी, किंमत कमी, स्पीकर आतच. मग तोच घेऊन टाकायचा का?

तर थोडं थांबा. कारण ज्या रेकॉर्ड्स ऐकायला तुम्ही तो घेणार, त्याच तो झिजवू शकतो. मोबाईलचा स्पीकर वाईट असला तर फक्त गाणं वाईट ऐकू येतं, मूळ फाईलला काही होत नाही. रेकॉर्डचं तसं नाही. खाच एकदा झिजली की ती परत भरून येत नाही.

सुई नेमकं करते काय?

रेकॉर्डवर बाहेरून आत जाणारी एक लांबच लांब खाच असते. तिच्या दोन्ही भिंतींवर आवाज नागमोडी वळणांच्या रूपात कोरलेला असतो. सुई त्या वळणांवरून जाताना थरथरते आणि सुईच्या मागे बसवलेलं कार्ट्रिज त्या थरथरीतून वीज तयार करतं. ती वीज मोठी केली की गाणं ऐकू येतं.

आता सुईचं टोक इतकं बारीक असतं की थोडासा भारही त्या भिंतींना भरपूर होतो. चांगल्या टर्नटेबलवर हा भार साधारण २ ग्रॅम असतो आणि दांड्याच्या मागचं वजन फिरवून तो कमीजास्त करता येतो. स्वस्तातल्या सूटकेस प्लेअरमध्ये बहुतेक वेळा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्याचा भार दुपटीहून जास्त असू शकतो आणि तो बदलायची सोयच नसते.

म्हणून खरेदीचा पहिला नियम असा, की भार बदलता येतो का आणि सुई बदलता येते का, हे दोन प्रश्न विचारायचे. एकाचं जरी उत्तर 'नाही' आलं, तरी पुढचं मॉडेल बघा.

बेल्ट ड्राइव्ह की डायरेक्ट ड्राइव्ह?

यावरून लोक तासन्‌तास भांडतात. पण गोष्ट सोपी आहे.

बेल्ट ड्राइव्हमध्ये मोटर बाजूला असते आणि रबरी पट्टा थाळी फिरवतो. त्यामुळे मोटरची घरघर सुईपर्यंत कमी पोचते. पट्टा मात्र काही वर्षांनी सैल पडतो आणि बदलावा लागतो. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटर थेट थाळीखाली असते. वेग पटकन पकडतो आणि टिकतो. १९७२ मध्ये आलेलं टेक्निक्सचं एसएल-१२०० याच प्रकारातलं. पुढे जगभरच्या डीजेंनी तेच उचलून धरलं.

दोन्ही प्रकारांत उत्तम टर्नटेबल्स मिळतात. बघायचं ते एवढंच, की वेग स्थिर आहे का?

आपल्याकडे त्याची फुकटातली परीक्षाही आहे. शास्त्रीय संगीताची एलपी लावा आणि आलाप चालू असताना फक्त तानपुऱ्याकडे कान द्या. तानपुऱ्याचा सूर एकसारखा हवा. तो लाटेसारखा वरखाली होत असेल, तर वेगात गडबड आहे. मात्र दोन-तीन वेगळ्या रेकॉर्ड्स लावून बघा. कधीकधी रेकॉर्डचं भोकच मध्यभागी नसतं आणि त्यानेही सूर डुलतो.

अमेरिकेतल्या काकांचं टर्नटेबल आणलं तर?

इथे भलेभले फसतात. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर लावला की काम झालं, असं वाटतं. पण साधा ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही.

ज्या टर्नटेबलची मोटर थेट विजेच्या हर्ट्झवर चालते, ते आपल्याकडे हळू फिरेल. मिनिटाला ३३.३३ फेऱ्यांऐवजी साधारण २७.८. म्हणजे काळी एकमध्ये गाणारा गायक तुम्हाला खालच्या काळी पाचमध्ये ऐकू येईल. सगळ्याच मॉडेलना ही अडचण येत नाही. मोटर डीसी असेल किंवा वेग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ठरत असेल, तर हर्ट्झची चिंता नाही. पण सामानात भरण्याआधी मागची पट्टी वाचायला सांगा.

'आवाजच येत नाहीये' ही तक्रार का येते?

नवं टर्नटेबल स्पीकरला जोडलं आणि आवाज एकदम बारीक, पोकळ आला, तर ते बिघडलंय असं समजू नका. कार्ट्रिजमधून फक्त ५ मिलिव्होल्टच्या आसपास वीज निघते. सीडी प्लेअरमधून साधारण २ व्होल्ट, म्हणजे ४०० पट.

शिवाय रेकॉर्ड कापताना जागा वाचावी म्हणून खर्जातला आवाज मुद्दाम कमी करतात आणि खरखर दबावी म्हणून तीव्र आवाज वाढवतात. वाजवताना हे उलटं फिरवावं लागतं. ही दोन्ही कामं फोनो प्रीअँप करतो. तो तीन ठिकाणी असू शकतो. टर्नटेबलच्या आत, अँप्लिफायरच्या 'फोनो' सॉकेटमागे, किंवा वेगळ्या डबीत. तिन्हीपैकी एकच वापरायचा. दोन एकामागे एक लागले तर आवाज फाटतो.

तळाशी सापडलेल्या त्या जड तबकड्यांचं काय?

त्या बहुधा ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. त्या लाखेपासून बनायच्या, म्हणून हातातून पडल्या की फुटतात. १९४८ मध्ये एलपी आली तरी भारतात ७८ च्या तबकड्या पुढे साठच्या दशकातही निघत होत्या. त्यामुळे बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ यांचा आवाज असलेली तबकडी मराठी घरात सापडली, तर नवल नाही.

त्यांची खाच एलपीपेक्षा बरीच रुंद असते. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या १८ मायक्रॉनच्या आसपास, तर ७८ साठी साधारण ७५ मायक्रॉन लागते. एलपीची सुई त्यात लावली तर ती तळाशी, धुळीत खरडत जाते. प्लेअरवर '७८' लिहिलंय म्हणजे फक्त वेग आहे. सुई वेगळी घ्यावीच लागते.

मग घ्यायचं कोणतं?

तुमच्याकडे काय आहे, त्यावर ठरवा.

- ७८ च्या तबकड्याही वाजवायच्या असतील, तर ऑडिओ-टेक्निका एटी-एलपी१२०एक्ससारखं मॉडेल. तिन्ही वेग, भार बदलायची सोय, प्रीअँप आत. त्याच कार्ट्रिजला ७८ ची सुईही बसते.
- फक्त एलपी असतील आणि कमीत कमी बटणं हवी असतील, तर रेगा प्लॅनर १. साध्या आवृत्तीला प्रीअँप वेगळा लागतो.
- पुढे कार्ट्रिज बदलत आवाज सुधारत न्यायचा असेल, तर प्रो-जेक्ट डेब्यू कार्बन इव्हो.

सगळं बजेट टर्नटेबलवर उडवू नका. स्पीकर, प्रीअँप आणि पुढच्या सुईसाठी पैसे ठेवा. सुई साधारण ३०० ते १००० तास टिकते. रोज एक एलपी ऐकलीत तर ५०० तासांची सुई जेमतेम दोन वर्षं जाईल. जुनं टर्नटेबल घेतलंत तर आधीची सुई किती चाललीय ते कळत नाही, म्हणून ती पहिल्याच दिवशी बदला.

आणि टर्नटेबल घरी येईपर्यंत एक काम आजच करून टाका. रेकॉर्ड्स एकावर एक रचलेल्या असतील तर पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. पावसाळ्याची ओल लागणाऱ्या भिंतीपासून लांब, नाहीतर बुरशी धरते. पुसायला कोरडा कार्बन फायबर ब्रश पुरेसा आहे. ७८ च्या तबकड्यांना मात्र सॅनिटायझर किंवा स्पिरिट अजिबात लावू नका. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.