जंगल नसलेल्या तालुक्यातील जनावरे

नांदेड जिल्ह्यातील जंगल म्हटले की किनवट आणि माहूरची नावे निघतात. बिलोलीचे नाव कोणी घेत नाही. इथे काळी कसदार जमीन आहे, मधूनमधून मुरमाड माळ आहे, ओढ्याकाठी बाभळी आहेत आणि कडेने वाहणारी मांजरा आहे. येसगीचा पूल ओलांडला की तेलंगणा. तरीही हरभरा घाटे धरू लागला की या तालुक्यातला शेतकरी रात्रीच्या जागलीला निघतो, आणि त्याच्या तोंडी तीन नावे असतात : हरीण, रोही आणि रानडुक्कर.

‘जंगलात खायला उरले नाही म्हणून जनावरे शेतात घुसली’ असे सर्रास बोलले जाते. गेल्या पाऊणशे वर्षांचा मागोवा घेतला तर, निदान हरणापुरते तरी, हे खरे ठरत नाही. इथे ज्याला हरीण म्हणतात ते काळवीट, आणि काळवीट मुळात जंगलाचे जनावरच नव्हे. दाट झाडीत ते राहत नाही. त्याला हवा उघडा, सपाट, आखूड गवताचा माळ. तो माळ नांगराखाली गेला आणि काळवीट होते तिथेच राहिले.

त्याची शरीररचना पाहिली की हे पटते. पाय बारीक आणि लांब, डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे मान न वळवताही बराच मोठा मुलूख नजरेच्या टप्प्यात. धोका दिसला की कळपातले एखादे जनावर चारी पायांवर ताठ उसळी घेते, मग दुसरे, मग सगळा कळप उसळ्या मारत सुटतो. वेग ताशी 80 किलोमीटरच्या घरात जातो. लांडगा किंवा कुत्रा यांच्यापासून सुटायला एवढ्या वेगाची गरज नाही. हा वेग घडला तो चित्त्यामुळे. शेकडो पिढ्या चित्ता मागे लागला म्हणून काळवीट एवढे वेगवान झाले. राजेरजवाडे आणि मोगल बादशहा तर शिकवलेले चित्ते बाळगून त्यांच्याकरवी काळविटांची शिकार करवीत.

भारतातल्या शेवटच्या म्हणून नोंदल्या गेलेल्या तीन चित्त्यांची शिकार 1947 साली कोरियाच्या महाराजांनी केली. ते संस्थान आजच्या छत्तीसगडात येते. 1952 मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पुढे सत्तर वर्षे काळवीट विनाकारणच एवढे वेगाने धावत राहिले. 17 सप्टेंबर 2022 रोजी, मराठवाडा आपला मुक्तिदिन साजरा करत असताना, नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले गेले.

शिंगे बहुधा नरालाच असतात. पिळदार, तीन ते पाच वेढ्यांची, इंग्रजी व्ही अक्षरासारखी फाकलेली. नर जन्मतः काळा नसतो. मादीसारखाच तांबूस-बदामी असतो, आणि तिसऱ्या वर्षापासून त्याची पाठ गडद होत जाते. कळपात सर्वांत काळाकुळीत दिसणारा नर बहुतेक वेळा त्या भागाचा धनी असतो. वयात आलेले पण हद्द न मिळालेले नर वेगळा कळप करून फिरतात.

ही हद्द शेतकऱ्यालाही वाचता येते. बांधालगतच्या पडीक तुकड्यावर काळ्या लेंड्यांचा पसरट ढीग दिसतो. वरच्या लेंड्या ओल्या आणि चकाकत्या, खालच्या वाळून राखाडी झालेल्या, त्याखालच्यांचा चुरा. धनी नर रोज तिथेच येतो, पायाने माती उकरतो आणि पुन्हा तिथेच लेंड्या टाकतो. शेजारच्या झुडपाची काडी पाहिली तर टोकाला काळपट चिकट डाग सापडतो. डोळ्याखालच्या ग्रंथीचा स्राव त्याने काडीला घासलेला असतो. आसपासच्या प्रत्येक नराला तो वासाने कळतो. बांध कोणाचा यावरून आपल्याकडे तलाठ्यापासून कोर्टापर्यंत फेऱ्या होतात. काळविटाचे काम लेंड्यांचा ढीग आणि गरज पडली तर शिंगांची झटापट एवढ्यावर भागते.

काळविटावर पहिला मोठा घाव पडला तो बंदुकीचा. निजामी राजवटीत शिकार हा सरदार-अंमलदारांचा शौक होता. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, पण बंदुका राहिल्या आणि त्यांना जीपची जोड मिळाली. रात्री प्रखर दिव्यांच्या झोतात गोठून उभे राहणारे काळवीट टिपणे सोपे होते. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत देशभर त्यांची संख्या कोसळली. मधल्या काळात, 1956 मध्ये, राज्यांच्या नव्या सीमा आखल्या गेल्या. मुधोळ आणि भैंसा आजच्या तेलंगणाच्या बाजूला गेले, देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळेही तिकडे गेली. मांजरेचे पात्र उन्हाळ्यात आटले की ती ओलांडणाऱ्या जनावराला या सीमेचे काही देणेघेणे नव्हते, पण तेव्हापासून त्याची जबाबदारी मात्र दोन राज्यांच्या वनखात्यांत वाटली गेली.

1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. मराठवाडा तेव्हा दुष्काळात होरपळत होता. रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडणाऱ्यांना या कायद्याशी कर्तव्य असणे शक्यच नव्हते. पण या कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत घातले आणि उघड शिकार थांबत गेली. सोलापूरजवळ नान्नजला 1979 मध्ये माळढोक अभयारण्य झाले, कर्जत तालुक्यात रेहेकुरीला 1980 मध्ये काळविटांसाठी जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. काळवीट सावरले. माळढोक सावरला नाही. तो जमिनीवरच, साधारणतः एका वेळी एकच अंडे घालतो. गवताळ माळ तुटत गेल्यावर एवढ्या संथ गतीने वाढणाऱ्या पक्ष्याला टिकाव धरता आला नाही.

दुसरा घाव नांगराचा, आणि तो अजून चालू आहे. सरकारदरबारी गवताळ माळाची नोंद बहुधा ‘पडीक’ अशीच होत आली. गायराने आक्रसली. 1990 नंतर सोयाबीन आले, विहिरी-बोअर वाढले, ज्या मुरमाड तुकड्यावर पूर्वी फक्त शेळ्यामेंढ्या चरायच्या तिथेही पेरा होऊ लागला. काळविटाच्या दृष्टीने कोवळे सोयाबीन, हरभरा आणि गहू म्हणजे अधिक लुसलुशीत गवतच. पोटाचा प्रश्न सुटला, शिकारी उरला नाही, कळप वाढले. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे आणि मोठे आहे. खाण्याइतकेच तुडवण्यानेही पीक जाते. त्या शेतकऱ्याला कोणी निसर्गप्रेमाचे धडे देऊ नयेत.

शिकारी उरला नाही म्हणजे लांडगा उरला नाही. माळावरचा हा खरा राखणदार. भारतीय लांडगा हिमालयाकडच्या लांडग्यापेक्षा लहान चणीचा, आखूड केसांचा आणि छोट्या टोळीत राहणारा. नर-मादीची जोडी बराच काळ टिकते. पिल्ले बिळात असताना टोळीतले इतरही शिकार करून येतात आणि पोटातले अन्न ओकून त्यांना भरवतात. काळविटाला तो सरळ धावून गाठू शकत नाही, म्हणून एक जण हाकतो आणि दुसरा दबा धरून बसतो. 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या लांडग्याची स्वतंत्र गणना धोक्यातल्या प्राण्यांत केली. सगळे मिळून सुमारे तीन हजारच. त्यापेक्षा जास्त वाघ आज एकट्या भारतात आहेत. वाघासाठी 1973 पासून प्रकल्प आहे. लांडग्यासाठी त्या तोडीचे काही झाले नाही.

रोह्याची, म्हणजे नीलगाईची, गोष्ट निराळी. नर दोनशे किलोंच्या पुढे जातो, पण शिंगे मात्र वीतभर. नर भांडतात ते पुढचे गुडघे टेकून. मादीला पुष्कळदा जुळी होतात आणि वाढीचे गणित तिथेच पालटते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या टेक्सासच्या एका मोठ्या पशुपालन क्षेत्रावर ही जनावरे नेऊन सोडली गेली. आज त्या राज्यात त्यांची संख्या हजारोंनी मोजतात. रानडुकराचे तर विचारूच नये. मादी गवत-काटक्यांचे घरटे करून त्यात विते, एका वेळी चार-सहा पिल्ले सहज. पिल्लांच्या अंगावर फिकट पट्टे असतात, काही महिन्यांत ते जातात. जमिनीखालचे कंद तिला नाकाने कळतात आणि त्याच नाकाने ती जमीन उकरते.

शेतातले नुकसान दिसते. आकाशातले मात्र चटकन लक्षात आले नाही. गावाबाहेर मेलेली ढोरे टाकली की तासाभरात गिधाडे उतरत आणि काही वेळात सांगाडा उरे. 1990 नंतरच्या दशकात ती देशभरातून नाहीशी होत गेली. ढोरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती, हे 2004 मध्ये सिद्ध झाले. 2006 मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर काही जातींची शंभरातली पंच्याण्णवहून अधिक गिधाडे संपली होती. मराठवाड्यातल्या आजच्या विशीतल्या बहुतेक पोरांनी ढोरावर उतरलेले गिधाड पाहिलेले नाही.

कधी कधी प्राण्यांच्या वागण्याला माणूस आपलाच स्वभाव चिकटवतो. डिसेंबर 2021 मध्ये बीड जिल्ह्यातल्या लऊळ गावी वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि गच्च्यांवर नेऊ लागली. अडीचशे पिल्ले ‘सुडाने’ मारल्याची बातमी जगभर गेली. वनखात्याने दोन वानरे पकडून नेली आणि प्रकार थांबला. सुडाचा पुरावा कधी पुढे आला नाही. वानरांच्या टोळीत दुसऱ्याचे पिल्लू हाताळण्याची, घेऊन फिरण्याची सवय असते. उंचावर ठेवलेल्या कुत्र्यांच्या पिल्लांना तिथे दूधपाणी नाही आणि उतरताही येत नाही, म्हणून ती मरत. वानरांमध्ये खरी क्रूर वाटणारी गोष्ट वेगळीच आहे : टोळी जिंकणारा नवा नर जुन्या नराची पिल्ले मारतो. जपानी अभ्यासक युकिमारू सुगियामा यांनी 1960 च्या दशकात धारवाडजवळ हे नोंदवले. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही कादंबरी याच वानरजीवनावर उभी आहे. तिला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

शेतातल्या नुकसानीवर उपाय शोधले गेले नाहीत असे नाही. पिकांची नासाडी करणारी रोही आणि रानडुकरे परवाना घेऊन मारण्याची मुभा महाराष्ट्रात मिळाली, पण बंदूक आणि नेमबाज किती शेतकऱ्यांकडे असणार? नुकसानभरपाई आहे. सौर कुंपणाला अनुदान आहे. कुंपणाने एकाचे शेत वाचते आणि कळप शेजाऱ्याच्या शेतात उतरतो. ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशाने शाजापूर भागात वेगळा प्रयोग केला. हेलिकॉप्टरने कळप हळूहळू नरसाळ्याच्या आकाराच्या आवारात वळवले आणि आठशेहून जास्त काळवीट गाडीतून अभयारण्यांत हलवले. काळवीट अतिशय घाबरट; हाताळताना भीतीनेच दगावते. म्हणून ही पद्धत महत्त्वाची. मराठवाड्यात ती करून पाहायला हवी, मात्र हलवलेले कळप सोडायला गवताचा माळ शिल्लक हवा. उरलेली गायराने गवतासाठी राखणे हे काम शेतकऱ्याचे नाही, शासनाचे आहे.

तोवर शेतात एक गोष्ट करता येईल. सहा महिन्यांच्या गाभणकाळानंतर काळविटाची मादी एकच पाडस देते आणि पहिले काही दिवस ते उंच पिकात किंवा गवतात दडवून स्वतः लांब चरते, म्हणजे शिकाऱ्याला वास लागत नाही. सोयाबीनच्या काढणीत किंवा तुरीच्या ओळीत असे निपचित बसलेले पाडस सापडले तर ते पोरके नसते. त्याला उचलू नये, घरी आणून गाईचे दूध पाजू नये. तेवढी ओळ सोडून मजुरांनी पुढे जावे. आई दूध पाजायला परत येते. पाडस जखमी असेल किंवा कुत्री मागे लागली असतील तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक लावावा.