बालसंधिवात: व्याख्या, वर्गवारी आणि बुलढाणा जिल्ह्यातील गणतीचा प्रश्न

लहान मुलांच्या संधिवाताची गणती व्याख्येपासून सुरू होते. सोळावा वाढदिवस होण्यापूर्वी सुरू झालेला, किमान सहा आठवडे टिकलेला आणि ज्याचे कारण दुसऱ्या कोणत्याही ज्ञात आजारात सापडत नाही असा सांधेदाह म्हणजे ‘जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस’, अर्थात अज्ञात कारणाचा बालसंधिवात, असे आज जगभर मानले जाते. यातील ‘सांधेदाह’ या शब्दालाही काटेकोर मर्यादा आहे: सांधा सुजलेला असला पाहिजे, किंवा त्याची हालचाल कमी झालेली असून हलवताना अथवा दाबताना तो दुखला पाहिजे, आणि हे डॉक्टरने स्वतः पाहिलेले असले पाहिजे. मुलाने ‘टोंगळे दुखतात’ असे सांगणे हे तपासणीला निमित्त होते, निदानाला पुरत नाही. दिवसभर खेळून आलेल्या मुलाचे दोन्ही पाय संध्याकाळी ठणकतात आणि सकाळी ते पुन्हा धावू लागते, हे वाढीच्या वयातले नेहमीचे दुखणे होय. संधिवाताचे मूल मात्र सकाळी आखडलेले असते आणि दुपारपर्यंत मोकळे होते. दुखण्याची वेळच येथे उलटी असल्यामुळे ‘केव्हा दुखते’ हा प्रश्न ‘किती दुखते’ या प्रश्नापेक्षा अधिक उपयोगी ठरतो.

ही तपासणी कशी होते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये हेलन फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये शाळकरी वयाच्या मुलांसाठी ‘पी-गॅल्स’ नावाची छोटी चाचणी मांडली. तिला दोनेक मिनिटे लागतात आणि उपकरण लागत नाही. आधी तीन गोष्टी विचारायच्या: कुठे दुखते वा आखडते का, कपडे स्वतःचे स्वतः घालता येतात का, जिना चढता-उतरता येतो का. मग मुलाला टाचांवर व चवड्यांवर चालायला लावायचे, हात पुढे पसरून मुठी वळायला लावायच्या, प्रत्येक बोट अंगठ्याला टेकवायला सांगायचे, हात आभाळाकडे न्यायला आणि मान मागे टाकून छताकडे पाहायला लावायचे, तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात का ते पाहायचे. तळव्याला तळवा जोडून कोपरे बाजूला उचलली की मनगट पूर्ण वाकते की नाही ते कळते, म्हणजे या परदेशी चाचणीचा एक भाग आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला नमस्कार म्हणून आधीच येत असतो. मांडी घालून बसणे आणि उकिडवे बसून हात न टेकता उठणे या दोन कृती इंग्लंडच्या यादीत नाहीत, पण नितंबाचा सांधा, गुडघा आणि घोटा यांच्याबद्दल त्या इतके सांगतात की ग्रामीण महाराष्ट्रात त्या वगळण्याचे काही कारण दिसत नाही.

खरी कसोटी गुडघ्यावर लागते. तपासणारा एका हाताने मांडीच्या खालच्या भागावरून दाब देत सांध्यातले पाणी खाली ढकलतो आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने वाटी हलकेच दाबतो. पाणी साठलेले असेल तर वाटी तरंगून हाडावर आपटल्यासारखी वाटते. पाणी थोडे असेल तर हे चिन्ह मिळत नाही, तेव्हा गुडघ्याच्या आतल्या बाजूचा खळगा वरच्या दिशेने पुसून बाहेरच्या बाजूने हात फिरवायचा आणि खळगा पुन्हा भरून येतो का ते पाहायचे. हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही गुडघ्यांचे तापमान ताडून पाहायचे, दोन्ही मांड्यांची जाडी आणि पायांची लांबी बघायची, कारण जुना दाह असेल तर त्या बाजूची मांडी बारीक होते आणि लहान वयात तो पाय काही वेळा दुसऱ्यापेक्षा लांबही वाढतो. हे मूल अनेकदा दुखते असे म्हणतच नाही; ते लंगडते, उचलून घ्या म्हणते, किंवा खेळातून हळूहळू बाहेर पडते. शाळेत परिपाठाच्या वेळी भिंतीला टेकून उभे राहणारे मूल शिक्षकाला दिसते, आणि आरोग्य पथक दुपारी बाराला पोहोचते तेव्हा त्याचा आखडलेपणा ओसरलेला असतो. सूज तेवढी मागे राहते, आणि ती हाताला कळण्यासाठी हात तयार असावा लागतो.

सूज सापडल्यावर वगळण्याचे काम सुरू होते, आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात ते निवांतपणे करण्याजोगे नाही. घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या र्‍हुमॅटिक तापात मोठे सांधे एकामागून एक धरतात आणि सोडतात, त्याचा घाव मात्र हृदयाच्या झडपांवर बसतो. एकच गुडघा किंवा एकच नितंब महिनोन् महिने सुजून राहिला तर क्षयरोग वगळल्याखेरीज पुढे जाता येत नाही. चिकुनगुन्यात ताप उतरल्यावरही सांधे धरून राहतात. सहा आठवड्यांच्या अटीमुळे अशा विषाणुजन्य दाहाचा मोठा भाग गाळला जातो. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतील आदिवासी वस्त्यांत सिकलसेलचा विचार आधी करावा लागतो. ताप, रात्री झोपमोड करणारे हाडांचे दुखणे आणि सुजेच्या मानाने फार जास्त वेदना असे चित्र दिसले तर रक्ताच्या कर्करोगाची शंका घ्यावी लागते. अशा वेळी तपासणी पूर्ण होण्याआधी स्टेरॉइड सुरू करणे घातक असते, कारण त्याने रोग तात्पुरता दबतो आणि निदान निसटते.

इतके सारे वगळून जे उरते त्याची वर्गवारी करण्याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्ये २२ मुलांचे वर्णन प्रसिद्ध करून, मुलांमधील हा आजार मोठ्यांच्या संधिवातापेक्षा वेगळा असल्याचे दाखवले. विसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात अमेरिका आणि युरोप यांनी दोन निरनिराळ्या व्याख्या केल्या: अमेरिकेत सहा आठवड्यांचा दाह पुरे, तर युरोपात तीन महिन्यांचा हवा. परिणामी दोन खंडांचे आकडे शेजारी ठेवून वाचता येईनात. हा घोळ मिटवण्यासाठी संधिवाततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे ‘इलार’ने, नव्वदच्या दशकात सामाईक वर्गवारी आखली, एडमंटन येथे २००१ मध्ये झालेली तिची सुधारित आवृत्ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही बहुतेक अभ्यास तिच्यावरच आधारलेले असतात.

तिच्यात सात गट आहेत. दोन आठवडे किंवा अधिक ताप, अंगावर येऊन जाणारे पुरळ, यकृत-प्लीहा वा लसिकाग्रंथींची वाढ यांसह येणारा सर्वांगी प्रकार. पहिल्या सहा महिन्यांत चार किंवा कमी सांधे धरणारा मोजक्या सांध्यांचा प्रकार. पाच किंवा अधिक सांधे धरणाऱ्या प्रकाराचे, रक्तातील र्‍हुमॅटॉइड फॅक्टर असण्या-नसण्यावरून पडलेले दोन गट. सोरायसिसशी निगडित प्रकार. कंडरा जिथे हाडाला चिकटते त्या जागेच्या दाहाशी, म्हणजे टाच, गुडघ्याची वाटी आणि पुढे कंबर यांच्याशी जोडलेला प्रकार. आणि कोणत्याच गटात न बसणारी किंवा एकाहून अधिक गटांत बसणारी मुले. या यादीत काळ दडलेला आहे, हे तिचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य होय. निदानाला सहा आठवडे, सांधे मोजायला सहा महिने, र्‍हुमॅटॉइड फॅक्टर दोनदा आढळावा आणि त्या दोन चाचण्यांत किमान तीन महिन्यांचे अंतर असावे. मोजक्या सांध्यांच्या गटातले मूल सहा महिन्यांनंतर चाराहून अधिक सांध्यांत पसरले तर त्याचा उपगट बदलतो. म्हणजे एकदा पाहून आणि एकदा लिहून ही नोंद पूर्ण होऊच शकत नाही.

वर्गवारी प्रयोगशाळेवरही अवलंबून असते. एक गुडघा सुजलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या रक्तात एचएलए-बी२७ हे आनुवंशिक चिन्ह आढळले तर इलारच्या नियमानुसार तो मोजक्या सांध्यांच्या गटातून बाहेर पडतो. ती चाचणी केलीच नाही तर तोच मुलगा त्याच गटात राहतो. भारतासाठी हा फरक किरकोळ नाही. पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीजेसमधील कुंजीर, चोप्रा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेल्या रुग्णमालिकेत कंडराजोडाशी निगडित प्रकार हाच सर्वांत मोठा गट निघाला, तर युरोपात मोजक्या सांध्यांचा, लहान मुलींमध्ये अधिक दिसणारा प्रकार आघाडीवर असतो. त्या मुलींत रक्तातील एएनए हे प्रतिद्रव्य आढळल्यास डोळ्याच्या आत न दुखता, लाली न येता दाह सुरू होण्याचा धोका अधिक असतो. म्हणून स्लिट लॅम्पने दर तीन महिन्यांनी डोळे तपासावे लागतात. गट चुकला तर डोळ्याची तपासणीही चुकते, आणि वर्गवारी केवळ कागदी काम उरत नाही. तरीही या सात कप्प्यांना अंतिम मानण्याचे कारण नाही. ‘प्रिंटो’ या आंतरराष्ट्रीय गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रस्तावात वयोमर्यादा अठरापर्यंत नेली आणि कप्पेच नव्याने आखले.

गणतीत दोन वेगळे आकडे लागतात. वर्षभरात नव्याने आजारी पडणाऱ्यांचा दर हा पहिला, त्याला येथे नवरुग्णदर म्हणू. आणि एखाद्या दिवशी आजार असलेल्या सर्व मुलांचे प्रमाण हा दुसरा. जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला तर नवरुग्णदर एक लाख मुलांमागे १.६ ते २३ आणि एकूण प्रमाण ३.८ ते ४०० असे पसरलेले दिसते. २०११च्या जनगणनेनुसार २५ लाख ८६ हजारांहून अधिक लोकसंख्या असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात सोळा वर्षांखालील मुले ढोबळमानाने सात लाख धरली, तर या आकड्यांवरून जिल्ह्यात दरवर्षी ११ ते १६१ नवी मुले आणि एकूण २७ ते २,८०० मुले येतात. एवढ्या रुंद पट्ट्यावर औषधांची मागणी नोंदवता येत नाही की तज्ज्ञाचे पद मागता येत नाही. हा पट्टा रोगाच्या लहरीमुळे जितका रुंद झाला आहे, त्याहून अधिक मोजणीच्या पद्धतीमुळे झाला आहे. चारशेचा आकडा ऑस्ट्रेलियातील शहरी शाळांमधल्या बारा वर्षांच्या मुलांचे सांधे प्रत्यक्ष हाताने तपासून मिळाला. लहान आकडे बहुधा रुग्णालयांच्या नोंदवह्यांतून येतात, जिथे पोहोचलेलीच मुले मोजली जातात. लखनौच्या शाळांत २,०५९ मुलांची पाहणी झाली तेव्हा हाडे-सांधे-स्नायू दुखण्याच्या तक्रारी अनेकांच्या होत्या, पण बालसंधिवाताचे मूल एकच निघाले. त्यावरून लाखामागे ४८ हे प्रमाण काढले गेले. एका मुलावर उभा असलेला हा आकडा जपूनच वापरायला हवा. तो बुलढाण्याला लावला तर सुमारे ३४० मुले येतात.

महाराष्ट्रात अशा कामाचा पाया नाही असे म्हणता येणार नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू झाली आणि ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्क्यांना अशी दुखणी असल्याचे आढळले. तीत मुले नव्हती. मुलांपर्यंत पोहोचणारी यंत्रणा त्यानंतर उभी राहिली: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ज्याचा देशव्यापी आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाला. दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका यांचे पथक अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांना एकदा तपासते. त्याच्या मूळ यादीत तीस आजार होते; त्यांत र्‍हुमॅटिक हृदयरोग आहे, मुडदूस आहे, जन्मजात वाकडे पाऊल आहे, संधिवात नाही. ज्याला रकाना नाही ते तपासणाऱ्याच्या हाताला लागले तरी कागदावर येत नाही.

पोलिओच्या लढ्याने दाखवलेला मार्ग येथे आठवण्यासारखा आहे. पंधरा वर्षांखालील मुलाचा पाय अचानक लुळा पडला की त्याची नोंद करावी लागते, आणि पोलिओ नसलेल्या अशा लुळेपणाची दरवर्षी लाखामागे किमान दोन मुले सापडली पाहिजेत असे भारतात लक्ष्य आहे. ती सापडली नाहीत तर जिल्हा निरोगी ठरत नाही, पाहणी ढिली ठरते. बालसंधिवातालाही अशी किमान अपेक्षा लावता येईल. वर्षाला लाखामागे दोन नवी मुले हा अत्यंत सावध अंदाज धरला तरी बुलढाण्यातून दरवर्षी चौदा मुले पुढे यायला हवीत, आणि न आल्यास प्रश्न यंत्रणेला विचारला पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस झपाट्याने गळू लागले, तेव्हा गावनिहाय आकडे भराभर गोळा झाले आणि आयसीएमआरची पथकेही आली; आजार दिसणारा होता आणि शेजारशेजारच्या गावांत एकवटला होता. बालसंधिवाताचे एक मूल लोणारला, एक मोताळ्याला, एक देऊळगाव राजाला असते. त्याचा उद्रेक कधीच होत नाही, म्हणून त्याच्यासाठी पथकही येत नाही.

सात गटांची वर्गवारी गावपातळीवर करण्याचा हट्ट मात्र चुकीचा ठरेल. गावात एवढेच हवे: सहा आठवडे टिकलेली सूज किंवा सकाळचे लंगडणे, कोणता सांधा, आणि लक्षण सुरू झाल्याचा महिना. निदानाची तारीख आणि लक्षण सुरू झाल्याची तारीख वेगवेगळी लिहिली पाहिजे, कारण या दोहोंतील अंतर हेच जिल्ह्याच्या आरोग्यसेवेचे खरे माप आहे. नोंद दोन वाटांनी, शाळेतून आणि रुग्णालयातून, स्वतंत्रपणे आली तर न सापडलेल्या मुलांचाही अंदाज बांधता येतो: समजा शाळेने १५ आणि रुग्णालयाने २० मुले नोंदवली आणि त्यांतली सहा सामाईक निघाली, तर एकूण मुले सुमारे ५० असावीत असे गणित सांगते. हंगामी कामासाठी बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची मुले यातूनही सुटतील, म्हणून शाळेच्या हजेरीपटाशी ही यादी जोडणे इष्ट. वर्गवारी, रक्तचाचण्या आणि डोळ्यांची तपासणी यांचे काम ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने, गरज पडेल तिथे अकोला किंवा नागपूरच्या मदतीने, हाती घ्यावे. आठवड्यातून एकदाच घ्यायचे मेथोट्रेक्सेट स्वस्त आहे आणि योग्य देखरेखीखाली अनेक मुलांना ते पुरते. बाल स्वास्थ्य पथकाच्या तपासणी-पत्रकात सुजलेल्या सांध्यासाठी एक रकाना वाढवायला नवा निधी लागत नाही; जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी तो येत्या शैक्षणिक वर्षापासून वाढवावा, आणि परिपाठाला भिंतीशी टेकून उभ्या राहणाऱ्या मुलाचे नाव शिक्षकांनी पथक येण्याची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.